प्रतिजैविके आणि पोटातील मित्रजंतू
प्रतिजैविक औषध रोगजंतूंचा नाश करते. पण आतड्यातील उपकारक जंतूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. म्हणूनच औषध चालू असता पुष्कळांना जुलाब होतात. ते टाळण्यासाठी मित्रजंतूंच्या पुड्या देतात. त्यांत जिवाणू असल्यास प्रतिजैविकानंतर निदान दोन तासांनी घ्याव्यात. एरवी औषध त्यांनाच मारील. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचीनमध्ये शोधलेले यीस्ट मात्र जिवाणुनाशकांना दाद देत नाही. दही उत्तम, परंतु टेट्रासायक्लिनबरोबर नको, कारण त्यातील कॅल्शियम औषधाचे शोषण रोखते. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे जंतू घेऊ नयेत. आणि जुलाबात रक्त दिसले, तर पुडीवर विसंबून न राहता तत्काळ डॉक्टर गाठावा.