गुण सारखे, गोलही सारखे. मग पुढे कोण? ग्रुपच्या टेबलमागचं सॉर्टिंग

स्कोअर ॲपमध्ये दोन संघांचे गुण सारखे दिसले, तर वर कोणाला ठेवायचं हे ॲप कसं ठरवतं? मला हा प्रश्न २८ जून २०१८ च्या संध्याकाळी पडला. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलच्या पोरांसाठी वर्ल्ड कपचं टेबल दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता.

ग्रुप एचचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होते. पोलंडने जपानला १-० हरवलं, कोलंबियाने सेनेगलला १-० हरवलं. कोलंबिया ६ गुणांसह पहिला. दुसऱ्या जागेसाठी जपान आणि सेनेगल. आता गंमत बघा:

• गुण: दोघांचे ४
• गोलफरक: दोघांचा शून्य
• केलेले गोल: दोघांचे ४
• आपसातला सामना: २-२ बरोबरी

मेरिट लिस्टमध्ये एकूण मार्क सारखे आले की एखाद्या विषयाचे मार्क बघतात ना, अगदी तसंच. एका निकषावर बरोबरी झाली की पुढचा निकष. प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक निकषाला ‘सॉर्ट की’ म्हणतात.

इथे पुढची की होती फेअर प्ले. एका पिवळ्या कार्डाचा उणे १ गुण. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. जपान पुढे, सेनेगल घरी! वर्ल्ड कपमध्ये या नियमामुळे बाहेर पडलेला तो पहिलाच संघ. हेही सारखं असतं, तर चिठ्ठी टाकून निकाल लावला असता.

जपानला हे गणित माहीत होतं. म्हणून हरत असतानाही शेवटची दहाएक मिनिटं ते नुसते पास देत बसले. सेनेगलने तिकडे एक गोल केला असता, तर सगळा डाव अंगाशी आला असता.

माझ्या प्रोग्रॅमनेही जपानलाच वर दाखवलं. पोरं म्हणाली, ‘भारी!’ पण माझ्या कोडमध्ये कार्डांचा कॉलमच नव्हता. मी संघांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने भरली होती. सगळ्या की सारख्या निघाल्यावर ‘स्टेबल सॉर्ट’ने आधीचाच क्रम तसाच ठेवला. म्हणजे जपान वर आला तो ‘जे’मुळे! कार्डं उलटी असती, तर माझं टेबल बाहेर गेलेल्या संघाला पुढच्या फेरीत पाठवून मोकळं झालं असतं.

त्या रात्री मी कार्डांचा कॉलम टाकला. तेव्हापासून कोड तपासताना बरोबरीची केस आधी चालवून बघतो. उत्तर बरोबर आलं तरी.