शीतनिद्रा कुणाला परवडते?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ ओसरीत बाजेवर पडून मोबाईल पाहत होता. एकाएकी त्याने हाक मारून विचारले, "ताई, मेल्यावर मानसाले बर्फात ठेवतेत, अन् शंभर वर्षानं औषध निंगालं का उठवतेत म्हने. खरं हाय काय?"

भाऊ पंधरा वर्षांचा आहे. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार आहे. सातव्या वर्षी तो खेळताना पडू लागला आणि अकराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले. पुढे हात, मग छाती, असा हा आजार चढत जातो, हे त्यालाही ठाऊक आहे, कारण त्याच्याजवळ मोबाईल आहे. आईने प्रश्न ऐकला आणि "अभद्र बोलू नोको" म्हणून ती आत निघून गेली. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले आणि विचारले, ते येथे मांडीत आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यातून कला शाखेची. तेव्हा शास्त्रात काही उणे राहिल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

मरण चुकवण्याची हौस आपल्याकडे नवीन नाही. चांगदेवाची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. काळ जवळ आला की तो प्राण ब्रह्मांडी चढवून बसे, काळ रिकाम्या हाताने परत जाई, आणि असे करीत तो चौदाशे वर्षे जगला म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट एटिंजर नावाच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने १९६० च्या दशकात साधारण हीच युक्ती योगाऐवजी थंडीच्या बळावर मांडली. आज ज्याला मृत्यू म्हणतात तो उद्याच्या डॉक्टरला कदाचित केवळ बरा होण्याजोगा आजार वाटेल. म्हणून देह नासू न देता त्या डॉक्टरपर्यंत पोहोचवावा, हा त्याचा विचार. यालाच क्रायोनिक्स म्हणतात. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकांचा देह प्रथम असा ठेवला गेला आणि तो आजही ठेवलेला आहे. आजवर एकही माणूस उठलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

अडचण कोठे आहे ती आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. एक चांगले संत्रे बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. ते लिबलिबीत होते. आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे झाले आणि त्यांनी फोडी फाडल्या. माणसाच्या पेशींचेही तसेच होते. म्हणून मृत्यू जाहीर होताच शरीरातील रक्त काढून त्या जागी एक द्रावण भरतात. त्यामुळे आतले पाणी खडे न धरता काचेसारखे थिजते. नंतर देह उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. लहान वस्तूंत हे चांगले साधले आहे. २०२३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उंदराची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत अशी थिजवून, पुन्हा ऊब देऊन, उंदरांत बसवली आणि ती चालली. परंतु मूत्रपिंड आणि आठवणींनी भरलेला मेंदू यांत फार अंतर आहे.

द्रवरूप नायट्रोजन म्हटले की काहीतरी परदेशी प्रकार डोळ्यांपुढे येतो. मलाही तसेच वाटत होते. मग बाबा म्हणाले, "अवं, ते तं ढोराच्या दवाखान्यात असते." दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिले. दुधाच्या कॅनसारखे अॅल्युमिनियमचे भांडे, झाकण उघडताच पांढरी वाफ जमिनीकडे उतरते. त्यात वळूच्या गोठवलेल्या रेताच्या बारीक कांड्या ठेवलेल्या असतात. आपल्या आर्वी-आष्टी-कारंजा भागाची ओळख असलेल्या गवळाऊ गाईच्या वंशालाही आज याच थंडीचा आधार आहे. महात्माजींचे शिष्य मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही संस्था काढली आणि पुढे हीच भांडी सायकलवर, मोटारसायकलवर बांधून शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेली. वर्ध्याच्या मे महिन्यातही भांडे वेळच्या वेळी भरले तर आत उणे १९६ अंश टिकते. भरायचे विसरले की संपले.

म्हणजे थंडी स्वतः महाग नाही. महाग आहे ते भांडे पिढ्यान्‌पिढ्या भरत राहणे, आणि मरणाच्या क्षणी माणसे हजर असणे. १९७९ साली कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे पैसा संपला म्हणून ठेवलेले देह वितळून गेल्याचे उघडकीस आले. तेव्हापासून चांगल्या संस्था आधीच मोठी रक्कम घेतात आणि तिच्या व्याजावर भांडे भरतात. मिशिगनमधील क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट ही १९७६ ची संस्था सभासदाकडून २८ हजार डॉलर घेते, म्हणजे आपले सुमारे पंचवीस लाख. मृत्युशय्येजवळ पथक बसवणे आणि देह नेणे याचा खर्च वेगळा. अॅरिझोनातील आल्कोर या संस्थेत पूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक लागतात. आपल्या देशात अशी सोयच नाही.

मी वहीत हिशेब मांडला. संजय गांधी निराधार योजनेत अपंगाला महिन्याला दीड हजार मिळत असत, २०२५ साली ते अडीच हजार झाले. भावाने त्यातला एक पैसाही न खर्चता साठवले, तरी पंचवीस लाखांना एक हजार महिने लागतील. त्र्याऐंशी वर्षे! या आजाराची मुले पुष्कळदा तिशीही गाठत नाहीत.

यावर तिकडचे लोक सांगतात की रोख पैसे कुणीच भरत नाही, आयुर्विमा काढायचा आणि वारस म्हणून संस्थेचे नाव लावायचे. तरुण, धडधाकट माणसाला हप्ता फारसा जड जात नाही. खरी मेख येथेच आहे. ज्याला शीतनिद्रेची गरज सर्वांत आधी लागणार, त्यालाच विमा कंपनी दारातून परत पाठवते. हॅल फिनी हे संगणकतज्ज्ञ २००९ साली एका मज्जातंतूच्या आजाराने जखडू लागले. अखेरीस ते केवळ डोळ्यांच्या हालचालीने संगणक चालवीत. २०१४ साली त्यांचा देह आल्कोरमध्ये ठेवला गेला. पण ते आजारापूर्वी कितीतरी वर्षे सभासद झाले होते. उलट किम सुओझी या तरुण मुलीला मेंदूचा कर्करोग झाला तेव्हा जवळ पैसे नव्हते. तिला अनोळखी लोकांपुढे हात पसरावा लागला आणि लोकांनी दिले म्हणून २०१३ साली तिचे काम झाले. आपल्याकडे तर साध्या आरोग्यविम्यासाठीही एका अपंग नागरिकाला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर २०२३ साली विमा नियामकाने कंपन्यांना अपंगांसाठी विमा काढण्यास सांगितले. जिवंतपणीच्या विम्याची ही कथा, मग मेल्यानंतरच्याची काय असणार!

पैशाखेरीज संमतीचाही प्रश्न आहे. संमतीपत्रावर सही लागते. ज्याची बोटे चालत नाहीत, ज्याला बोलता येत नाही, ज्याची बुद्धी लहान मुलाएवढी राहिली आहे, त्याची इच्छा कोण आणि कशी ओळखणार? आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले, आणि कायद्यापुढे अपंगाचे म्हणणे इतरांइतकेच वजनाचे धरले. कागदावर हे फार चांगले आहे. परंतु भावाचा दाखला काढायला आम्ही गेलो ते कार्यालय वरच्या मजल्यावर होते. हा मुलगा चालू शकत नाही, असे लिहून घेण्यासाठी बाबांनी त्याला पाठुंगळी घेऊन बेचाळीस पायऱ्या चढवले. आता शासनाने 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' म्हणायला सांगितले आहे. भाऊ म्हणतो, नाव बदलल्यानं एकही पायरी कमी झाली नाही.

आणखी एक गोष्ट मला अवघड वाटते. थॉमस डोनाल्डसन या गणितज्ञाच्या मेंदूत गाठ होती. मेंदू नासण्यापूर्वीच, जिवंतपणी आपल्याला गोठवावे, अशी परवानगी त्यांनी १९९० साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाकडे मागितली. १९९२ साली ती नाकारली गेली. त्यांची बाजू मला पटते, कारण मेंदूच गेला तर पुढे उठवणार काय? पण ज्या घरांत अपंग मुलाला पाहून पाहुणे "सुटला तर बरं होईन" असे त्याच्या देखत बोलतात, तेथे अशी परवानगी कुणाच्या हाती पडेल, याची मला भीती वाटते. न्यायालयाने नाकारले ते बरेच केले, असे माझे मत आहे.

आता सर्वांत मोठा प्रश्न. थांबले तर औषध निघते का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. तेव्हा हा रोग बरा होत नसे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन १९३९ साली सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला तेल चोळले. त्यांची कुटी आजही आश्रमात आहे. १९४५ साली शास्त्रीजी गेले. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता, आणि आज कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो.

हे वाचून मला प्रथम वाटले की क्रायोनिक्सवाल्यांचे म्हणणे खरे आहे. शास्त्रीजी थोडे लवकर जन्मले, एवढेच. मग एक तारीख सापडली. अमेरिकेत कारव्हिल येथील रुग्णालयात सल्फोन औषधाचे उपचार १९४१ सालीच सुरू झाले होते आणि रोगी सुधारत होते. म्हणजे गांधीजी तेल चोळीत होते तेव्हा औषध या जगात होते, फक्त सेवाग्रामात नव्हते. शास्त्रीजींना गोठवून भविष्यकाळात पाठवण्याची गरज नव्हती. त्यांचे भविष्य समुद्रापलीकडे चार वर्षे आधीच येऊन बसले होते.

तेव्हापासून भावाच्या प्रश्नाकडे मी निराळ्या रीतीने पाहते. २०२३ साली अमेरिकेत त्याच्या आजारावर जनुकाचे एक औषध मंजूर झाले. ते रोग मुळातून काढत नाही. पुढे यकृताला अपाय होऊन मृत्यूही झाले आणि आता ते चालू शकणाऱ्या मुलांपुरतेच राखले आहे. भावाला त्याचा उपयोग नाही. किंमत एका वेळेची बत्तीस लाख डॉलर.

हे सारे मी त्याला उन्हं उतरल्यावर अंगणात बसून सांगितले. चांगदेव, संत्रे, ढोराच्या दवाखान्यातले भांडे, सगळे. त्याने मन लावून ऐकले. परचुरे शास्त्र्यांच्या ठिकाणी तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "उठवतीन तवा याच पायानं उठवतीन का दुसऱ्या? अन् तू असशीन काय तिथं?" मी म्हटले, माहीत नाही. त्याने मोबाईलवर औषधाच्या किमतीचे रुपये केले. सत्तावीस कोटींहून अधिक निघाले. माझ्या वहीतला पंचवीस लाखांचा हिशेब त्याच्यासमोर होताच. दोन्ही आकडे त्याने दोनदा पाहिले आणि हसला.

"ताई, मंग बर्फच सस्ता हाय की वं!"