जुनी चाकं, लेखांक ६ : टॅक्सीतलं शर्यतीचं इंजिन

गेल्या आठवड्यात फेरारी २५० जीटीओचा विषय निघाला होता. १९६२ ते १९६४ या काळात अशा ३६ गाड्या बनल्या आणि त्यांतली एक २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. असले आकडे वाचले की आपल्याकडच्या हौशी माणसाचा उत्साहच मावळतो. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा नाद परदेशातल्या धनिकांनी करावा, आपण फार तर चित्रं जमवावीत, असं त्याला वाटू लागतं. मला हे अजिबात पटत नाही. या इतिहासाचा एक अस्सल तुकडा मुंबईत, कुर्ल्याला हजारोंनी तयार होत होता आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्यातून प्रवास केलेला आहे.

तो तुकडा म्हणजे फियाट ११००चं इंजिन. दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली ते १९३७ साली बाजारात आलं. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी आणि ताकद ३२ अश्वशक्ती. मध्यमवर्गीय इटालियन कुटुंबासाठी बनवलेलं, साधं आणि दणकट यंत्र.

महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पैसा नव्हता, पण शर्यतींची भूक तशीच होती. तुरीनचा उद्योजक पिएरो दुसियो याने फियाटचेच सुटे भाग घेऊन स्वस्तातली शर्यतीची गाडी करायचं ठरवलं आणि आराखड्यासाठी थेट जाकोसालाच गाठलं. त्यातून १९४६ साली सिसितालिया डी४६ उतरली. नळ्या जोडून केलेला हलका सांगाडा आणि आत हेच ११००चं इंजिन. मात्र त्याच्यावर हात फिरवलेला होता. कॉम्प्रेशन वाढवलं आणि ऑइलसाठी वेगळी टाकी दिली. वळणावर गाडी जोरात झुकली की खालच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं, पंप कोरडा पडतो आणि बेअरिंग जळतं. वेगळ्या टाकीमुळे ही भीती गेली. घरगुती इंजिन जवळजवळ दुप्पट ताकद देऊ लागलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात तुरीनच्या शर्यतीत ताझियो नुवोलारीच्या डी४६चं स्टेअरिंग व्हील चालत्या गाडीत निखळून हातात आलं. एका हातात ते चाक धरून त्याने गाडी चालवत ठेवली. त्या क्षणाचं छायाचित्र आजही जगभरच्या संग्राहकांच्या भिंतींवर दिसतं.

पण माझ्या मते या इंजिनाचा खरा दिवस उजाडला १९४७च्या मिले मिलियात. ब्रेशापासून रोमपर्यंत जाऊन परत ब्रेशाला, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे १,८०० किलोमीटर. नुवोलारी तेव्हा ५४ वर्षांचा होता, फुप्फुसाच्या आजाराने पोखरलेला. त्याच्याकडे दोन जणांची, बिनछपराची सिसितालिया २०२. मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकत तो पुढे निघाला. मग मुसळधार पाऊस आला, मॅग्नेटोत पाणी शिरलं आणि इंजिन अडखळलं. ते सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला. बियोन्देत्तीची अल्फा रोमिओ पहिली आली, तिचं इंजिन २,९०५ सीसीचं होतं. त्याच्या निम्म्याहूनही लहान इंजिनावर नुवोलारी दुसरा आला. मोटारशर्यतींच्या इतिहासात इतकं देखणं दुसरं स्थान मला तरी दुसरं आठवत नाही.

आता कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९५४ पासून तिथे फियाट ११०० बनू लागली. १९७४ साली तीच गाडी 'पद्मिनी' झाली. मधल्या काळात इंजिनात सुधारणा झाल्या, पण बोअर ६८, स्ट्रोक ७५ आणि १०८९ सीसी हे घराणं कायम राहिलं. मुंबईची काळी-पिवळी कित्येक दशकं याच घराण्याच्या इंजिनावर धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

रविवारी सकाळी आमच्या उरवड्यातून मुठ्याकडे आणि पुढे टेमघर-लवाशाकडे नव्या गाड्यांची रीघ लागते. त्याच रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये मध्यंतरी एक जुनी पद्मिनी उघडलेली पाहिली. मिस्त्री टॅपेट सेट करत होते. इंजिन गार, वरचं झाकण काढलेलं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या फटीत फिलरची पातळ पट्टी सरकवायची, स्क्रू किंचित फिरवायचा, पट्टी बोटांना जराशी अडकत निघाली की नट आवळायचा. आठही व्हॉल्व्हना हेच. मापापेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा जास्त होता. ब्रेशाला शर्यत सुटण्याआधी सिसितालियाच्या मेकॅनिकांनीही हेच केलं असणार. ही विद्या हातात असलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि मला गाड्यांपेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते.

अशी गाडी बाळगणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे १९७४च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. तेव्हा छप्पर कापून 'रेसिंग कार' करायचा मोह होत असेल, तर कृपा करून आवरा.

आणि कागद सांभाळा. १९५६ची ल मांस शर्यत जिंकलेली जॅग्वार डी-टाइप २०१६ साली २ कोटी १७ लाख डॉलरच्या वर गेली, कारण तिचा सगळा इतिहास सलग सिद्ध करता येत होता. आपल्या माळ्यावरचं प्रीमियरचं हँडबुक, बुकिंगची पावती, गॅरेजची बिलं, बॉनेटवरचा बिल्ला यांना तसा भाव येणार नाही, पण गाडीची ओळख त्यांतूनच पटते. जुहूच्या विमानतळावर एकेकाळी मोटारशर्यती होत, त्यांची कार्यक्रमपत्रिका कुणाच्या घरी निघाली, तर ती रद्दीत देऊ नका.

पुढच्या आठवड्यात त्याच जुहूच्या धावपट्टीवर जाऊ.