उन्हाळ्याच्या ताटातली अख्खी ज्वारी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या काळ्या रानात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी उरकत आली असेल. परतीच्या पावसाची ओल धरून वाढणारे हे पीक थंडीत भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते. नवी ज्वारी घरात येते ती अशी उन्हाच्या तोंडावर. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, चुलीपुढे भाकरी थापत बसणे जिवावर येते आणि खाणाऱ्यालाही ऊन ऊन जेवण नको होते. त्या दिवसांत हीच ज्वारी अख्खी शिजवून, गार करून, काकडी-कैरीबरोबर खावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्यांना ग्लुटेन चालत नाही, त्यांच्यासाठी तर ती भाकरीपेक्षाही निर्धोक आहे.

गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लुटेन या प्रथिनामुळे. सिलिॲक हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ते गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची फळे. या आजाराचा आणि गव्हाचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये अशा रुग्णांना आयुष्यभर वर्ज्य असतात. ज्वारीतले मुख्य प्रथिन काफिरिन. ते वेगळ्या घडणीचे आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये सिलिॲकच्या रुग्णांना ज्वारीचे पदार्थ खायला देऊन पाहिले आणि त्यांना त्रास झाला नाही.

आपल्या बायकांनी ही गोष्ट बोटांनी ओळखलेली होती. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही म्हणून ते गार पाण्यात नीट मळले जात नाही. उकळते पाणी घातले की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात.

मग भाकरीतच अडचण कसली? अडचण गिरणीत आहे. ज्या पात्यांतून आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू निघाला, त्यांतूनच आपली ज्वारी जाते आणि थोडे गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. इतरांना त्याने काही होत नाही. सिलिॲकच्या रुग्णाला तेवढेही पुरते. अख्ख्या दाण्याला गिरणीच नको. ज्वारी सुपात घेऊन निवडली, चुकून आलेले गव्हाचे दाणे काढले आणि तीनचार पाण्यांनी धुतली की काम झाले. हिंगाकडेही लक्ष हवे. बाजारातल्या डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवरचे घटक वाचल्याशिवाय तो फोडणीत घालू नये. ज्यांना असा आजार नाही त्यांनी मात्र गव्हाची धास्ती घ्यायचे कारण नाही. त्यांनी ज्वारी खावी ती चवीसाठी आणि कसासाठी: शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच चोथा असतो.

आता कृती. चार माणसांना एक मोठी वाटी ज्वारी पुरते. मालदांडी मिळाली तर उत्तम. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली ही ज्वारी दाण्याला टपोरी आणि चवीला गोडसर असते. ती रात्रभर भिजत घालावी. सकाळी ते पाणी टाकून द्यावे, तिप्पट नवे पाणी आणि मीठ घालून कुकरमध्ये शिजवावी. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. जुनी ज्वारी जास्त वेळ घेते. दाणा दाताखाली मऊ लागला पाहिजे, पण फुटून लगदा होता कामा नये. मग चाळणीत निथळून ताटात पातळ पसरावी. गरम ढीग तसाच झाकून ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात तो आंबतो. गार झाली की फ्रीजमध्ये किंवा माठाशेजारी ठेवावी. फ्रीज नसेल तर लागेल तेवढीच शिजवून त्याच जेवणाला संपवावी.

गार ज्वारीत बारीक चिरलेली काकडी, पाण्यात धुऊन तिखटपणा काढलेला कांदा, कैरीचा कीस, भरपूर कोथिंबीर आणि मोड आणून वाफवलेली मटकी घालावी. ज्वारीला मात्र मोड आणू नयेत. तिच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून विषारी सायनाइड सुटते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरे दगावतात ती यामुळेच. पक्व, वाळलेल्या दाण्यात ही भीती नाही.

वरून घालायला ऑलिव्हच्या तेलाची गरज नाही. मराठवाड्याचे करडईचे तेल आहे. दोन चमचे तेलात जिरे तडतडवावे, हिरवी मिरची आणि कढीलिंब टाकावा आणि फोडणी कोमट झाल्यावर ज्वारीवर ओतावी. भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट शेवटी, म्हणजे ते कुरकुरीत राहते. कारळाची चटणी भुरभुरली तर खास इकडची चव येते. लिंबू पिळायला विसरू नये. धान्यातले लोह फायटेट नावाचे घटक धरून ठेवतात. ज्वारी भिजवल्याने ते थोडे कमी होतात आणि लिंबातल्या जीवनसत्त्व ‘क’मुळे लोह अंगी लागायला मदत होते. सोबत पातळ ताक असले की दुपारचे जेवण झाले.

हा प्रकार परका वाटायचे कारण नाही. भरडलेल्या ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून खाणे इथे जुनेच आहे. वेळा अमावस्येला धाराशिव-लातूरकडची सगळी वस्ती शेतात जाते, तेव्हा ज्वारीचे पीठ आंबवून केलेले आंबील मडक्यातून तांब्या-तांब्याने प्यायले जाते. दक्षिण अमेरिकेतून येणारा किनोआ महागाने आणून त्याचे सॅलड करणाऱ्यांनी एकदा या मडक्याजवळ यावे, असे मला मनापासून वाटते.

खरी काळजी रानातली आहे. खरिपात सोयाबीन पसरले, ज्वारीच्या काढणीला माणसे मिळेनाशी झाली आणि घरच्या खाण्यापुरतीही ज्वारी न पेरणारी घरे वाढली. धाराशिव जिल्ह्यातच स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या शेतकरी बायकांनी दुष्काळाच्या वर्षांत वेगळी वाट धरली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर त्यांनी स्वतःच्या निर्णयाने पिकवायला मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाज्या, कडधान्ये, धान्य असे घरात खाता येईल ते लावले. संस्थेच्या या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. काकडी, मटकी, शेंगदाणा, कोथिंबीर, ज्वारी: आपल्या ताटातले बहुतेक सगळे अशा एका एकरात येऊ शकते.

शेत नसलेल्यांनाही एक करता येईल. डिसेंबर-जानेवारीत गूळभेंडी किंवा सुरती या ज्वारीच्या वाणांचा कोवळा हुरडा निघतो. आगटीत भाजून चोळलेला हुरडा तिथल्या तिथे संपतो, पण त्यातला किलोभर बाजूला काढून उन्हात खडखडीत वाळवावा आणि कोरड्या बरणीत भरावा. मे महिन्यात तो चारपाच तास भिजवला की पक्व ज्वारीपेक्षा लवकर शिजतो आणि वाळूनही त्याचा हिरवट गोडवा टिकून राहतो. त्याला कैरी थोडी कमी आणि ओले खोबरे थोडे जास्त घालावे.