लेकीच्या हातातलं मासिक

भाईंदरच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीच्या ‘पोर्टफोलिओ’साठी, म्हणजे फोटोंच्या संचासाठी, कर्ज मागितलं. मासिकातल्या मॉडेलिंग स्पर्धेत ती निवडली गेली होती म्हणे! आम्ही लेकीला रागावलो नाही. तिच्याजवळ बसून ते मासिक वाचलं. गोष्टीतली नायिका गोरी, सडपातळ. शेजारच्या पानावर क्रीमची जाहिरात. ‘फेमिना’ मासिकानं १९६४ साली आपली मिस इंडिया स्पर्धा सुरू केली. स्पर्धा गाजली की मासिकाचंही नाव होतं, हे त्यामागचं गणित. पण काम देणारा मॉडेलला पैसे देतो, तिच्याकडे मागत नाही. आधीच पैसे मागितले, तर तिथेच थांबा. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. मासिक हिसकावू नका, लेकीसोबत वाचा.