विश्लेषण : आधी वीज केंद्र बंद, मग निधी! दक्षिण आफ्रिकेतील कोमाटीत काय चुकले?

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी हे कोळशावरील वीज केंद्र १९६१ मध्ये सुरू झाले. त्याच्या नऊपैकी अखेरचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झाला. आयुष्य संपलेली केंद्रे बंद होतातच, त्यात नवे काही नाही. कोमाटीकडे जगाचे लक्ष होते ते वेगळ्या कारणाने. कामगारांना वाऱ्यावर न सोडता कोळशापासून दूर कसे जायचे, याचा नमुना येथे उभा राहणार होता.

न्याय्य संक्रमण म्हणजे काय?

प्रदूषणकारी उद्योग बंद करताना त्यावर पोट असलेल्यांना पर्यायी काम, प्रशिक्षण आणि आधार देणे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख आहे. २०३० पर्यंत उत्सर्जन ३५० ते ४२० दशलक्ष टनांवर आणण्याचे दक्षिण आफ्रिकेचे उद्दिष्ट आहे. देशाचा बहुतांश कोळसा म्पुमलांगातच निघतो, त्यामुळे या उद्दिष्टाचा सर्वाधिक भार याच प्रांतावर पडतो.

कोमाटीत काय घडले?

‘एस्कॉम’ या सरकारी वीज कंपनीने कायम कर्मचाऱ्यांना इतर केंद्रांत सामावून घेतले. कंत्राटी कामगार तिच्या पटावर नव्हतेच. त्यांचे काम केंद्रासोबत संपले आणि त्यांच्या मजुरीवर चालणारे गावातील छोटे धंदेही बसले. जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले, पण तेही अखेरचा संच बंद झाल्यावर काही दिवसांनी. त्यातून १५० मेगावॉट सौर, ७० मेगावॉट पवन प्रकल्प आणि बॅटरी साठवणूक उभारायची होती. अशी उभारणी वर्षानुवर्षे चालते; मजुरी मात्र त्याच महिन्यापासून थांबते. शिवाय कोळसा हाताळणी, बॉयलरची देखभाल, राख काढणे ही रोज माणसे लागणारी कामे सौर प्रकल्पात नसतात. पॅनेल बसली की मोजके कर्मचारी पुरतात.

निधी किती, कर्ज किती?

२०२१ च्या ग्लासगो परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय महासंघाने दक्षिण आफ्रिकेला ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. आकडा घसघशीत, पण वर्षभराने आराखडा आला तेव्हा त्यात अनुदान जेमतेम चार टक्के निघाले! बाकी सारे कर्ज किंवा कर्जहमी. सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडू शकतो. बेरोजगार कामगाराच्या प्रशिक्षणातून हप्ता निघत नाही. तेथे अनुदानच लागते. त्याच आराखड्यानुसार पाच वर्षांची गरज सुमारे ९८ अब्ज डॉलरची होती. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदारीतून बाहेर पडली. त्याआधीच, वीजटंचाईने त्रस्त एस्कॉमने कॅमडेनसह तीन जुनी केंद्रे २०३० पर्यंत चालवायचे ठरवले होते.

भारताचा संबंध काय?

२०२४ च्या बाकू परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले. मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. रक्कम तुटपुंजी असल्याचा आक्षेप भारताने तेथेच नोंदवला. भारताचे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०७० चे आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र दोन्ही आहेत. तेथेही अनेक कामे कंत्राटी कामगारच करतात.