इवल्या भिंगात देवयानी

२०२३च्या जानेवारीत हौशी आकाशछायाचित्रकारांच्या एका चमूने जाहीर केलं, की देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या निळसर प्रकाशाची एक कमान आहे. लांबी केवढी, तर तीन पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी! इसाक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये देवयानीचा फोटो काढला, तेव्हापासून जग तिचे फोटो काढतंय. आणि ही कमान कुणाच्याच नजरेला पडली नव्हती. ती टिपली फ्रान्सच्या यान सँटी यांनी, १०६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून. नेमका ऑक्सिजनचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर आणि कित्येक तासांचा धीर, एवढी मात्र तिची अट होती.

महाकाय दुर्बिणींना जे जमलं नाही ते एवढ्याशा भिंगाला कसं जमलं? त्यांचं आभाळ अरुंद असतं. देवयानी स्वतःच सहा चंद्रांएवढी रुंद, म्हणजे तीन अंशांहून थोडी जास्त. ४०० मिलिमीटर फोकल लेंग्थच्या दुर्बिणीला साधा डीएसएलआर लावला, की चौकटीत साडेतीन अंशांना जरा कमी एवढं आकाश मावतं. देवयानी अगदी नेमकी बसते. २००० मिलिमीटरची दुर्बीण घ्या, तर तिचा गाभा तेवढा हाती लागतो. म्हणून पहिली दुर्बीण निवडताना मी ६० ते ८० मिलिमीटर व्यासाचीच सुचवेन, आणि तीही नाइलाज म्हणून नव्हे.

पैसा मोजायचा तो काचेसाठी. भिंगातून जाताना निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, त्यामुळे दोघांचा फोकस वेगळ्या जागी पडतो. जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये दोन प्रकारच्या काचा जोडलेल्या भिंगाचं पेटंट घेतलं. त्यात दोन रंग एका जागी येतात. जांभळा तरीही निसटतोच. डोळा त्याकडे काणाडोळा करतो, सेन्सर करत नाही. ठळक ताऱ्याभोवती जांभळं वलय उमटतं. फ्लुओराइट किंवा एफपीएल-५३सारखी खास काच वापरलेल्या अपोक्रोमॅटमध्ये तीन रंग एकत्र येतात आणि तारा टिंबाएवढा राहतो. सोबत फील्ड फ्लॅटनर घ्यावाच, नाहीतर कोपऱ्यांतले तारे स्वल्पविरामासारखे शेपटी काढतात.

पण दुर्बिणीच्याही आधी तिला ताऱ्यांमागे फिरवणारं माउंट. पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते. ४०० मिलिमीटरवर, आजच्या बारीक पिक्सेलांच्या कॅमेऱ्यात, एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल सरकतो, आणि आपल्याला तर मिनिटं-मिनिटं शटर उघडं ठेवायचं असतं! दुर्बीण हलकी असेल तर लहान माउंटही हे गणित सांभाळतं. मात्र त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुवतारा फार खाली. पुण्यात क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश. उत्तरेला शेजारची इमारत उभी असेल, तर तो दिसणारच नाही. तेव्हा दुर्बिणीची ऑर्डर देण्याआधी एकदा रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेकडचं आभाळ मोकळं आहे का, ते पाहून या.